'लीन' उत्पादन: कुणापुढे लीन?

शाईची दौत
मंडळी, एक अडचण आहे. पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यासाठी प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत करते आहे. वाचणारी माणसं प्रेसवर आणि असेंब्लीला काम करणारी. केंद्र सरकारची लघुउद्योगांसाठी लीन योजना आहे, तिच्यात या कारखान्याने नाव नोंदवलंय, म्हणून शीर्षकापासूनच 'लीन' येतं, म्हणजे इंग्रजीतलं lean, फाजील काही न ठेवता माल काढण्याची पद्धत. मी सरळ 'लीन उत्पादनपद्धती' लिहिलं आणि पहिलं प्रकरण तिथल्या एका ऑपरेटरताईंना वाचायला दिलं. त्यांनी शीर्षकावरच बोट ठेवलं, "मॅडम, लीन कुणापुढं व्हायचं? साहेबापुढं का?"

त्यांचं काही चूक नाही. मराठीत लीन म्हणजे नम्र, नाहीतर तल्लीनमधला लीन. 'सडपातळ उत्पादन' वाचून हसू येतं. 'कृश' आजारी वाटतं. 'काटेकोर'मध्ये अचूकपणा येतो, पण फाजील काही उरलेलं नाही हा भाव येत नाही. दुसरी अडचण सात 'वेस्ट'ची, म्हणजे या पद्धतीत टाळायला सांगितलेल्या सात फुकट गोष्टींची. 'अपव्यय' म्हटलं की पैशाची उधळपट्टी डोळ्यांसमोर येते, 'कचरा' म्हटलं की झाडू. सुचवा काहीतरी. छपाईला जायचंय.

अनुस्वार
काटक! इतका चांगला शब्द घरात असताना उसना कशाला? काटक माणूस अंगाने बारीक असतो आणि कामाला वाघ असतो. दोन्ही अर्थ आले. 'काटक उत्पादन'. 'दिनांक' आणि 'क्रमांक' या शब्दांनाही लोक आधी हसले होते, आज त्यांच्यावाचून एक फॉर्म भरून होत नाही.

जुना फिटर
अनुस्वार, शब्द छान आहे, पण शॉपवर चालायचा नाही. तुम्ही काटक छापाल आणि बाहेर फलकावर लीन लिहिलेलं असेल, ऑडिटर लीन म्हणेल, सुपरवायझर लीन म्हणेल. मग पोरगं विचारेल, हे काटक वेगळं काय? भोसरीत माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे कायझन (छोटी छोटी सुधारणा), कानबान (माल मागवायचं कार्ड), पोकायोके (चूक होऊच न देणारी युक्ती) हे शब्द आम्ही कोथिंबीर-मिरचीसारखे वापरायचो. कुणी भाषांतर मागितलं नाही.

'वेस्ट'ला आम्ही जपानीच शब्द वापरायचो, मुडा. आता मुडा म्हणजे भंगार नव्हे, हे आधी सांगायला हवं. भंगार निदान विकता येतं. मुडा म्हणजे जे केल्याने गिऱ्हाइकाच्या पदरात काहीच पडत नाही ते. आमच्या प्रेसची डाय, म्हणजे साचा, बदलायला अख्खी सकाळ जायची. म्हणून एकदा डाय लावली की साहेब म्हणायचे, काढून ठेवा महिन्याचा माल. ट्रॉल्याच्या ट्रॉल्या भरायच्या. पुढे असेंब्लीला गेल्यावर कळायचं की भोकाला बर, म्हणजे कडेला खरबरीत धार, आलाय. मग काय, सगळ्या ट्रॉल्यांतल्या सगळ्या ब्रॅकेटना तोच बर! पोरं कानस घेऊन बसायची. त्या कानस घासण्याला रिवर्क म्हणायचे आणि वर ओव्हरटाइम मिळायचा, म्हणून कुणाची तक्रारही नसायची. आता सांगा, यात मुडा कुठला? कानस घासणं? ते शेवटचं टोक. खरा मुडा गरज नसताना काढलेला माल. टोयोटाचे ताइची ओहनो सातांपैकी याच एका गोष्टीला सगळ्यांत वाईट म्हणत, कारण बाकीचे त्याच्याच पोटी जन्मतात.

रत्नांग्रीकर
मुडा? अहो, आमच्याकडे भाताच्या पेंढ्यात तांदूळ घट्ट बांधून ठेवतात त्याला मुडी म्हणतात, खाली मालवणात मुडो. पावसाळ्याची बेगमी. म्हणजे तुमच्या ओहनोसाहेबांच्या हिशेबाने आमची आजी वर्षभर माळ्यावर मुडाच साठवत होती!

जुना फिटर
साठा हा सातांतला एक मुडा आहेच, तेव्हा आजी पकडली गेली.

रत्नांग्रीकर
आजीच्या वेळी श्रावणात घाट बंद पडायचा. तेव्हा 'जस्ट इन टाइम', म्हणजे अगदी लागेल तेव्हाच, तांदूळ कुठून आणणार होते ते त्यांनी सांगावं.

मुक्काम नागोया
इथे शेजारीच टोयोटा शहर आहे, म्हणून थोडं लिहितो. मुडो आणि मुडाचा काही संबंध नाही. जपानी 'मुदा' लिहितात त्यातल्या पहिल्या चिन्हाचा अर्थ 'नसणे' आणि दुसऱ्याचा 'ओझं वाहणारा घोडा'. त्यावरून 'रिकाम्या पाठीने चाललेला घोडा' अशी गोड व्युत्पत्ती सांगतात. पण ही चिन्हं उच्चारासाठी चिकटवलेली आहेत. शिवाय उच्चार मुदा आहे, मुडा नाही. इंग्रजीतून आला म्हणून द चा ड झाला.

आता मूळ प्रश्न. 'लीन' हा शब्द टोयोटाचा नाहीच. ते आपल्या पद्धतीला टोयोटा उत्पादनपद्धतीच म्हणतात. लीन हे नाव जॉन क्राफसिक या अमेरिकनाने १९८८च्या एका लेखात दिलं. तो आधी कॅलिफोर्नियात टोयोटा आणि जनरल मोटर्सच्या भागीदारीतल्या कारखान्यात कामाला होता. गंमत म्हणजे त्याने आधी या पद्धतीसाठी जो शब्द वापरला होता त्याचा अर्थ 'नाजूक', 'ठिसूळ' असा होतो. साठे नाहीत, जादा माणूस नाही, कुठे अडलं की सगळी लाइन थांबणार, म्हणून नाजूक. पण नाजूक कारखाना कोण विकत घेणार? मग लीन आला. म्हणजे मुळातच तो जरा खपाऊ शब्द आहे. त्याच्या भाषांतरासाठी इतका जीव टाकू नये असं माझं मत.

भोसरीची पोर
'नाजूक' खरं होतं की! आमच्याकडे एका व्हेंडरचा टेम्पो चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की दुपारपर्यंत लाइन बंद. आणि लीन कुणापुढं हे विचारणाऱ्या ताईंना माझा सलाम. आमच्या कंपनीत लीन आलं तेव्हा स्टेशनवर दोघी होत्या, तिथे एक राहिली. पोरी म्हणायच्या, लीन झालो, आता दीन होणार. हे पुस्तिकेत येणार आहे का, दौतताई?

शाईची दौत
'माणसांचा आदर' असं एक पान आहे. ते मूळ इंग्रजीतही अर्ध्या पानाचंच आहे.

भोसरीची पोर
वाटलंच.

अनुस्वार
नागोयाकर, शब्द खपाऊ असो वा नसो, मराठी वाचणाऱ्याला कळायला हवा ना? 'वेस्ट'साठी मी 'वायफळ' सुचवतो. वायफळ ने-आण, वायफळ साठा, वायफळ हालचाल. फळ वाया गेलं, ते वायफळ. फिटरसाहेबांची व्याख्या, गिऱ्हाइकाच्या पदरात काही पडत नाही, नेमकी हीच झाली.

रत्नांग्रीकर
वायफळ बडबडीलाच लागतं हो. वायफळ ट्रॉली कोण म्हणतं?

अनुस्वार
म्हणायला लागलं की म्हणतात.

वेलांटी
एका शब्दात सातही कोंबायचा हट्ट का? प्रत्येकाला मराठीत आधीच शब्द आहे. वाट बघत बसणं म्हणजे खोळंबा. माणसाचं उगाच जाणं-येणं म्हणजे हेलपाटा. मालाची ती ने-आण. साठ्याला तुंबलेला माल. गरजेपेक्षा जास्त काम केलं तर 'नको तितकं घासणं'. सदोष मालाला 'खोट'. आणि मागणीआधी काढलेला माल म्हणजे आगाऊ माल. ऑपरेटरताईंना यातलं काय कळणार नाही?

जुना फिटर
हे आवडलं. हेलपाटा तर फर्स्ट क्लास. स्पॅनर आणायला टूलरूमला तीन खेपा, तोच तो. पण 'खोट' नको. 'खोटी'शी घोळ होईल. आमच्यात 'माझी खोटी झाली' म्हणजे मी अडकून पडलो, माझा वेळ गेला. एक दोषाचा मुडा, दुसरा थांबण्याचा. तक्त्यात खोट आणि खोटी शेजारी शेजारी आल्या तर कोणती कुठली? सरळ रिजेक्शन लिहा.

वेलांटी
रिजेक्शन म्हणजे नाकारणं. दोष आधी असतो, नाकारणं नंतर. गेजमध्ये (माप तपासायच्या साधनात) न बसलेला जॉब (नग) कुणी पाहिलाच नाही तर तो रिजेक्ट झालेला नसतो, पण खोट असतेच.

जुना फिटर
हे मात्र खरं. असे न पाहिलेले जॉब पुढे किती गेले असतील याचा विचारही नको.

माग आणि धोटा
इचलकरंजीचा हाय म्हणून बोलतो. टोयोटाचं सगळं मागावरनंच सुरू झालं. साकिची टोयोडांनी १९२४ साली जो आपोआप चालणारा माग काढला त्यात धागा तुटला की माग आपला आपण थांबायचा. ह्यो थांबणंच सगळ्याचं मूळ. आमच्याकडच्या साध्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला तरी धोटा पळतच राहतोय, कापडात उभी फट पडत जाते, आणि कामगार चार-सहा मागांत फिरत असतो, त्याला दिसंपर्यंत वारभर कापड गेलंच. थांबणारा माग असला की माणसाला मागावर डोळा लावून बसावं लागत न्हाई. त्यांनी त्या मागाचं पेटंट १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला एक लाख पौंडाला विकलं. ह्याला मराठीत काय म्हणायचं सांगा. 'स्वयंचलित' न्हाई, हे तर स्वयं-थांबित!

मुक्काम नागोया
धोटेसाहेब, तुम्ही नेमक्या जागी आलात. त्याला जपानीत 'जिदोका' म्हणतात. स्वयंचलनाला हाच उच्चार आहे, पण टोयोटावाले मधलं चिन्ह बदलून लिहितात. 'हलणे' या चिन्हाच्या डाव्या बाजूला 'माणूस' हा अवयव जोडला की ते 'काम करणे' होतं. कानाला काही फरक नाही, डोळ्याला आहे. नुसतं हलणारं यंत्र आणि अक्कल वापरून काम करणारं यंत्र, एवढा तो फरक. मराठीत एखादी वेलांटी देऊन असं करता आलं तर बघा.

वेलांटी
मला कशाला मध्ये घेता?

अनुस्वार
म्हणजे जपानी लोकही शब्द घडवतात, बदलतात. मग आपण का नको? पोकायोकेचंच बघा. आधी तो 'बाकायोके' होता, म्हणजे मूर्खापासून बचाव. टोयोटाला सल्ला देणारे जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो साठच्या दशकातला किस्सा सांगत. एका कारखान्यातल्या बाईंना तो शब्द फार लागला, मी काय मूर्ख आहे का म्हणून. तेव्हापासून 'पोका', म्हणजे नजरचूक. मराठीत 'चूकबंद' करा की!

जुना फिटर
किस्सा बरोबर. पण तो शब्द बाईंमुळे बदलला, भाषासमितीमुळे नव्हे. आमच्या ब्रॅकेटला दोन भोकं होती, एक कडेपासून लांब, एक जवळ. उलटा धरला तरी फिक्स्चरमध्ये बसायचा आणि वाकवणी उलट्या बाजूला व्हायची. एका हेल्परनेच सुचवलं, लांबच्या भोकाच्या जागी एक पिन मारा. पिन मारली, उलटा ब्रॅकेट बसेचना. त्याने त्या पिनेला नाव ठेवलं 'आडवी सासू'. घ्या तुमचं पोकायोकेचं मराठी.

भोसरीची पोर
आडवी सासू!! दौतताई, हेच छापा. पण कायझनच्या कागदावर त्या हेल्परचं नाव होतं का सुपरवायझरचं?

जुना फिटर
दोघांचं. आधी सुपरवायझरचं.

शाईची दौत
खोळंबा, हेलपाटा, ने-आण घेते. 'खोट'वर विचार करते. पण शीर्षकातल्या लीनचं काय? आणि 'सिंगल मिनिट' डाय बदल, त्याला मी 'एका मिनिटात डाय बदल' लिहिलंय.

जुना फिटर
थांबा थांबा! एक मिनिट नव्हे, एक आकडी मिनिटं. म्हणजे दहाच्या आत. शिंगोंनी १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसची डाय बदलायचा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला, तरी तीनच. एक मिनिट छापलंत तर मॅनेजर घड्याळ घेऊन उभा राहील. 'दहाच्या आत' लिहा.

शाईची दौत
वाचवलंत. आणि लीन?

रत्नांग्रीकर
ते होईल हो. मघापासून विचारायचं राहिलंय, फिटर 'तो कायझन' म्हणतात का 'ते कायझन'? माझा मेव्हणा वाळूजला असतो, तो 'ती कायझन' म्हणतो. 'या महिन्याच्या दोन कायझनी द्यायच्यात.'

जुना फिटर
तो. 'कायझन टाकला का?'

भोसरीची पोर
आमच्याकडे ते. 'माझं कायझन पास झालं.' आणि अनेकवचन कायझनं.

वेलांटी
बोलताना मनात जो मराठी शब्द असतो त्याचं लिंग येतं. फिटरकाकांच्या मनात सुधारणेचा प्रस्ताव आहे म्हणून तो, मेव्हण्याच्या मनात सुधारणा आहे म्हणून ती, हिच्या मनात पत्रक आहे म्हणून ते. कानबान नेहमी नपुंसकच ऐकलंय, कारण ते कार्ड.

माग आणि धोटा
मग आन्दोन कुठलं? लाइनवर काही अडलं की लाल दिवा लागतोय त्यो. दिवा म्हणून तो?

मुक्काम नागोया
जपानीत लिंगच नाही, त्यामुळे त्यांना विचारून उपयोग नाही. मूळ आन्दोन म्हणजे कागदी कंदील.

रत्नांग्रीकर
कंदील पुल्लिंगी. तो आन्दोन. पण मेव्हण्याकडे 'आन्दोन ओढली' म्हणतात, दोरी ओढतात म्हणून.