गावच्या ग्रुपवर 'पोरं पळवणारी टोळी': थांबवायचं कसं?

वऱ्हाडी_शेतकरी: कपाशी वेचणीला बाहेरगावचे मजूर आले की ग्रुपवर हाच व्हिडिओ फिरतो. खोटं आहे म्हटलं तर उत्तर येतं, 'पोलीसच दाबतात!' काय करावं?

सायबर_मित्र: भाऊ, व्हिडिओत मोटरसायकलवाले पोरगं उचलतात का? मग तो कराचीतल्या जनजागृतीचा असावा. मूळ व्हिडिओत ते पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढाच भाग कापलाय. 2018 मधल्या अफवांत तो देशभर फिरला. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावानं भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं.

स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर टाका, जुनी चित्रं सापडतात. व्हॉट्सॲपवर मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो किमान पाच हातांतून आलाय; असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे जातो. पण व्हिडिओ सेव्ह करून नव्यानं टाकला की बाणही जातो अन् मर्यादाही. बाण नाही म्हणजे खरं, असं धरू नका.

पोलीस_पाटील_यवतमाळ: 'दाबतात' म्हणणाऱ्याशी ग्रुपवर वाद घालू नका राजेहो, त्याला अजून चेव येतो. कोणत्या गावचं पोरगं, कोणत्या ठाण्यात तक्रार, एवढंच विचारा. ॲडमिननं मेसेज सर्वांसाठी डिलीट करावा, रात्रभर 'फक्त ॲडमिन' सेटिंग ठेवावं. मजुरांची नावं मुकादमाकडून आधीच घेऊन ग्रामपंचायतीत कळवा. अनोळखी माणसावरचा संशय तिथंच निम्मा होतो. जमाव जमतोय असं दिसलं की लगेच 112.

वऱ्हाडी_शेतकरी: मुकादमाले आजच गाठतो.