गुलमर्ग फेज टू: गटात एकमत होत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही चौघं गुलमर्गला स्कीइंगला जातोय. मी, नवरा, त्याचा कॉलेजचा मित्र आणि डेन्व्हरला असणारा माझा मावसभाऊ. तिकिटं काढून झाली, हॉटेलही झालं. पण गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावरून नेमकं कुठून उतरायचं यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर रोज खटके उडताहेत. बर्फात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वावरलेले लोक इथे आहेत, म्हणून विचारते.

नवऱ्याचं म्हणणं साधं आहे. फेज टूची गोंडोला, म्हणजे मधल्या कोंगडोरी स्टेशनवरून अफरवटवर नेणारा रोपवेचा दुसरा टप्पा, सुरू असेल, तर वरचे उतार ठीक असणार, नाहीतर त्यांनी ती चालूच केली नसती. मला हे मुळीच पटत नाही. स्की पॅट्रोल, म्हणजे तिथलं सुरक्षा पथक, सांभाळतं तो गोंडोलाखालचा मुख्य भाग. गरज पडली तर स्फोटकं लावून तिथला बर्फ आधीच पाडतात, धोका वाटला तर तो भाग बंद ठेवतात. वरच्या स्टेशनवरून डावी-उजवीकडे कड्याकड्याने गेलात की तुम्ही थेट मोकळ्या डोंगरावर असता. आणि गोंडोला तर नुसता बर्फ बघायला आलेल्या पर्यटकांसाठीही चालते. ती चालू आहे यावरून बाजूच्या उतारांबद्दल काहीच कळत नाही.

मित्राचं वेगळंच. "इतक्या जणांच्या स्कीचे ट्रॅक दिसत असतात, तिथे काय होणार?" आणि पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, पहिल्या दोन तासांत संपते, म्हणून पहिल्याच गोंडोलाने वर जायचं असा त्याचा आग्रह.

मावसभाऊ या दोघांच्या अगदी उलट. कोलोरॅडोत रोजचं हिमस्खलनाचं बुलेटिन वाचल्याशिवाय तो रिसॉर्टच्या हद्दीबाहेर पाऊल टाकत नाही. तिथला बर्फही काश्मीरसारखाच फसवा, तळाशी कच्चा राहणारा. त्याने चौघांना ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्या माणसाचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं सक्तीचं केलंय, आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले दोन दिवस झाडांच्या पट्ट्यातच राहायचं म्हणतोय. नवऱ्याला वाटतं, एवढा खर्च करून जायचं आणि खालीच खेळायचं?

मला भीती वाटते ती उगाच नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हपतखुड भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयरचा जीव गेला. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी २०२४ ला, तसाच एका रशियन स्कीयरचा. ही माणसं काही पहिल्यांदा स्की पायात चढवणारी नव्हती.

तर प्रश्न असे:
चौघांचं मत वेगळं असताना डोंगरावर निर्णय कुणाचा चालावा?
ट्रॅक असलेला उतार खरंच जास्त सुरक्षित असतो का?
आणि वर गेल्यावर, शिकाऊ माणसालाही दिसतील अशा धोक्याच्या खुणा कोणत्या?

प्रतिसाद १

चांगला लोकल गाईड घ्या आणि तो म्हणेल तिथेच उतरा. त्या पोरांचं अख्खं बालपण त्या डोंगरावर गेलंय. आम्ही दर वर्षी असंच करतो, कधी अडचण आली नाही. फार डोकं लावलंत तर मजा जाईल.

प्रतिसाद २

गाईड घ्याच, त्याबद्दल दुमत नाही. पण "कधी अडचण आली नाही" हा पुरावा धरू नका. कच्च्या उतारावरूनही बहुतेक वेळा माणूस सुखरूप खाली येतो, आणि मग वाटतं की आपला अंदाज बरोबर होता. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या अपघातांचा अभ्यास करून हेच दाखवलं: ओळखीचा उतार, गटातला एक "जाणकार", दुसऱ्यांचे ट्रॅक, ताज्या पावडरची घाई, यांमुळे शिकलेले लोकही समोरच्या खुणांकडे काणाडोळा करतात. तुमच्या गटात यातलं जवळजवळ सगळंच आहे.

ट्रॅकचं म्हणाल तर नाही. काश्मीरला सीझनच्या सुरुवातीला बर्फ थोडा पडतो आणि रात्री कडक थंडी असते. जमिनीलगतचा थर उबदार, वरचा थंड, या फरकामुळे तळाचा बर्फ रव्यासारखा सुटा होतो. खड्डा खणून तो मुठीत घ्या, कितीही दाबलात तरी त्याचा गोळा होत नाही, बोटांतून गळून जातो. चिल्लई कलांच्या, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीच्या, चाळीस दिवसांत आणि पुढे फेब्रुवारीत जो जड बर्फ पडतो, तो याच्यावर बसतो. वरचा थर जिथे जाड आहे तिथून दहा जण जातात, काही होत नाही. अकरावा पाच मीटर बाजूला, पातळ जागी जातो आणि वरच्या थराची अख्खी लादी सुटते.

खुणा डोळ्यांना आणि कानाला कळतात. आजूबाजूच्या उतारावर ताजं हिमस्खलन झालेलं दिसणं ही सगळ्यात मोठी. पायाखाली "वूंफ" असा दबका आवाज येऊन बर्फ किंचित खचणं. स्कीच्या टोकापासून पुढे भेगा पळत जाणं. आदल्या रात्री कड्यावरून वारा वाहिला असेल, तर वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला बर्फ साठून कडक झालेला असतो आणि ढोलासारखा पोकळ वाजतो. यातलं एक जरी दिसलं तरी तीस अंशांपेक्षा तीव्र उतार सोडा. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांत सुटतात. उतार मोजायचं अ‍ॅप फोनमध्ये टाका, आणि आपण सौम्य उतारावर असलो तरी वर डोक्यावर काय लटकलंय तेही बघा.

आता निर्णयाचं. एकाने नाही म्हटलं तर चौघांनी जायचं नाही. कारण विचारायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत. आणि हे आधीच्या रात्री हॉटेलात ठरवा, कारण वर वाऱ्यात, पावडर समोर दिसत असताना, नको म्हणणारा माणूस गप्प बसतो. कुठे उतरायचं याचे दोन पर्याय कागदावर लिहा. सकाळी फक्त त्यातला सोपा निवडायची मुभा ठेवा, तिसरा शोधायची नाही.

तुमच्या भावाला एक सांगा. हिमस्खलनाच्या बुलेटिनमधल्या धोक्याच्या पाच पायऱ्यांतली तिसरी मधली आहे म्हणून लोक ती "ठीकठाक" समजतात, आणि जीव जाणारे कितीतरी अपघात त्याच दिवसांत होतात. तो म्हणतो ते दोन दिवस तर थांबाच. पण तळाचा थर कच्चा असेल तर तिसऱ्या दिवशी तो आपोआप पक्का होत नाही, आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो.

धागाकर्ती

खूप आभार. नकाराधिकाराचं आत्ताच ग्रुपवर टाकलं. नवरा हो म्हणाला, मित्राचं उत्तर अजून नाही. तो तयार नसेल तर मी आणि भाऊ कोंगडोरीच्या खालीच राहणार, हेही सांगून टाकलंय. आणखी एक विचारायचं होतं: भावाचा ट्रान्सीव्हर अमेरिकेतला, आमचे इथे भाड्याने घेतलेले. एकमेकांना पकडतील ना?

प्रतिसाद २

पकडतील, सगळे ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात. पण भाड्याचा सेट जुना असू शकतो, तीन अँटेनांचा डिजिटल मागा आणि बॅटरी नवी घाला. पहिल्या दिवशी गोल्फ कोर्सच्या सपाटीवर एकाने आपला सेट पिशवीत घालून बर्फात पुरायचा, बाकीच्यांनी शोधायचा. दहा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्या माणसाची वाचायची शक्यता खूप जास्त असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. खणायला धरून सगळं दहा मिनिटांत जमेपर्यंत सराव करा. तुमच्या मित्रालाही त्यात घ्या.