साम्य १० टक्क्यांच्या आत आणायला ओव्यांचे शब्दच बदलले, सही करू का?

ग्रंथपाल_तालुका
नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, अठरा वर्षं झाली. आधी काम म्हणजे देवघेव, दाखल रजिस्टर नि परीक्षेच्या तोंडावर जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी उडणारी झुंबड. संशोधन केंद्र आलं तसं पीएचडीचे प्रबंध सॉफ्टवेअरमधून काढून साम्याचा रिपोर्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती टक्के मजकूर जुळतो ते, द्यायचं पण माझ्याच गळ्यात पडलं.

आता अडचण सांगतो. एक मुलगी आहे, विषय अहिराणी ओव्या आणि लग्नाची गाणी. अमळनेर पारोळ्याकडच्या गावांत म्हाताऱ्या बायांजवळ बसून स्वतः वहीत उतरवून आणलंय, वही मी पाहिलीये, पानांना हळदीचे डाग आहेत. रिपोर्ट आला ३१ टक्के. गाईड म्हणाले दहाच्या आत आणा, कसं ते तुम्ही बघा. ती शहरात एका टायपिंग सेंटरला गेली, त्यांनी पैसे घेऊन दोन दिवसांत ९ टक्के करून दिलं. मी फाईल उघडली तर ओवीतलं 'घरोट' जाऊन 'दळण्याचे साधन' आलेलं, 'माय'ची 'जननी' झालेली. पोरगी समोरच बसली होती, तिच्याच्याने ते वाचवेना, डोळ्यात पाणी आलं तिच्या. ज्या बाईने दळता दळता म्हटलं तिच्या तोंडचा शब्दच गेला ना राव. आणि ९ वाल्या रिपोर्टवर सही माझी लागणार. काय करू?

धुळेकर_सर
सही करू नका. मी रिटायर झालोय पण बरेच प्रबंध हातून गेलेत, म्हणून सांगतो. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) वाङ्मयचौर्याचा नियम २०१८ चा आहे, त्यात १० टक्क्यांपर्यंत काही नाही, १० ते ४० मध्ये सुधारून परत द्यायचं, सहा महिन्यांच्या आत, ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण त्याच नियमात हेही लिहिलंय की श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे मोजायचंच नाही, आणि हे कुणी वाचत नाही!

लोकगीत तेच असणार, चार जणांनी गोळा केलं तर चारही प्रबंधांत तेच येणार. म्हणून प्रत्येक ओवी अवतरणचिन्हात वेगळी मांडा, खाली सांगणाऱ्या बाईचं नाव (तिची परवानगी घेऊन), गाव, वय, तारीख टाका. मग रिपोर्ट काढताना अवतरणं वगळायचा पर्याय लावा आणि जे उरेल ते रंगवलेलं पान न् पान उघडून बघा. तिने विवेचनात कुणाचे परिच्छेद उचलले असतील तर ते तिथे कळेल, आणि ते मात्र तिला पुन्हा लिहावंच लागेल, त्यात माया करू नका.

दुसरं म्हणजे तुम्ही रिपोर्ट काढणारे, निवाडा करणारे नाही. संशय असला तर विभागाची समिती आहे त्यासाठी, नियमातच आहे. आणि काम चोरीचं नाही असा दाखला गाईडनेच द्यायचा असतो, म्हणजे 'तुम्ही बघा' म्हणून त्यांची सुटका नाही.

तापीकाठ
सरांचं बरोबर शे. मी लायब्ररीतच आहे, नंदुरबारकडे. एक भर घालतो, कमी टक्क्यांवर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आमच्याकडे एक मराठी प्रबंध आला, साम्य फक्त २ टक्के, मला बरं वाटलं. मग पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडवर टाकला तर मराठी नाहीच, नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं! जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला होता, सॉफ्टवेअरला त्यात मराठी दिसलंच नाही तर जुळणार काय. युनिकोडमध्ये करून आणायला लावला तेव्हा आकडा कितीतरी वर गेला. काही सेंटरवाले पानांचे फोटोच चिकटवतात किंवा शब्दांच्या मध्ये न दिसणारी अक्षरं घालतात. नोटपॅडवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, माझी तर आता सवयच झालीये.

रावेरची_केळी
मी कॉलेजातला नाही, शेतीच्या कंपनीत फिल्डच्या पोरांचे अहवाल बघतो, पण हा त्रास आमच्याकडे पण आहे म्हणून लिहितोय. मागच्या हंगामात एका नवीन पोराचा केळीच्या बागेचा रिपोर्ट आला, भाषा एकदम सुंदर, करप्याची लक्षणं, फवारणीचं वेळापत्रक सगळं व्यवस्थित. मी स्वतः बागेत गेलो तर पानं स्वच्छ होती, पाणी बुंध्याशी साचून मुळं सडत होती, आणि पोरगा बागेत गेलाच नव्हता, एआयकडून लिहून घेतलं होतं. त्या शेतकऱ्याने फवारणीचा खर्च केला असता म्हणजे. तेव्हापासून मी नियम केलाय की रिपोर्ट कशाने पण लिहा पण बागेतले चार फोटो नि शेतकऱ्याशी झालेलं बोलणं त्याच्याच शब्दांत पाहिजे. तुमच्या त्या पोरीकडे हळदीच्या डागाची वही आहे, ती सगळ्यात मोठा पुरावा आहे हो.

धुळेकर_सर
रावेरवाल्या भाऊंनी मुद्द्याचं लिहिलं. २०१८ चा नियम चॅटजीपीटीच्या चार वर्षं आधीचा, त्यातल्या टक्क्यांत एआय येत नाही. आणि एआय ओळखणारी जी सॉफ्टवेअरं आहेत ती चुकतात, त्यांच्या आकड्यावर कुणाला दोषी धरू नका. समोर बसवून विचारा, कुठे गेलीस, कोण भेटलं, हा शब्द त्या गावात कसा म्हणतात. जी गेलेली असते ती थांबत नाही बोलायची.

ग्रंथपाल_तालुका
सगळ्यांचे मनापासून आभार. आज ९ वाली फाईल बाजूला ठेवली आणि ३१ वाली मूळ फाईल घेऊन आम्ही दोघं बसलो. अवतरणं वगळल्यावर १४ आले. त्यात दोन परिच्छेद अहिराणीच्या इतिहासावरचे होते, ते तिने खरंच एका जुन्या प्रबंधातून जसेच्या तसे घेतले होते, तिने कबूल केलं, ती ते नव्याने लिहितेय. गाईडना मी नियमाची प्रत पानाला खूण करून दिली, अजून काही बोलले नाहीत. सोमवारी ती वही घेऊन येणारे, 'घरोट' जिथे जिथे होतं तिथे तसंच आहे का ते ओवीन् ओवी वहीशी ताडून बघणारोत.