बिअर्डीची दोन पिल्लं एका टाकीत घालून "किती प्रेम" म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

टिळकवाडीकर
काल इथंच एकानं व्हिडिओ टाकला. बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे बिअर्डी, हौसेनं पाळतात तो सरडा. त्याची दोन महिन्यांची दोन पिल्लं, एक दुसऱ्याच्या पाठीवर चढलेलं. वर लिहिलंय, "बघा, कशी बिलगून झोपतात. लहानपणीच ओळख करून दिली की भांडत नाहीत." खाली बदामांचा पाऊस!

अहो, ते बिलगणं नव्हे. वरच्यानं दिव्याखालची जागा बळकावली आहे. ऊब त्याला, यूव्हीबी (उन्हातले हाडांना लागणारे किरण) त्याला, खालच्याला फक्त सावली. आणि खालचं हात हलवतंय तो टाटा नाही, "हरलो बाबा, मारू नको" आहे. या पिल्लांना समोर जे हलेल ते खाऊ वाटतं, मग ते भावाचं बोट का असेना. भिंतीवरच्या पालीची शेपटी तुटली तर परत येते, बिअर्डीची येत नाही. ओळख कशी करून द्यायची विचारता? देऊच नका.

निपाणीचा नाना
व्हिडिओ माझा. नाव घेऊन बोलायचं की सरळ, कुणाला भिता? पिल्लं एकाच खेपेतली आहेत. दुकानात वीस-वीस एका टाकीत कोंबतात, तिथं कुणी बोंबलत नाही. आणि इग्वाना, तोही सरडाच, त्याची पिल्लं रानात टोळीनं फिरतात, हे बेळगावच्या शहाण्यांना ठाऊक आहे काय?

टिळकवाडीकर
ठाऊक आहे. इग्वानाची पिल्लं अंड्यातून एकत्र निघतात, एकत्र हिंडतात. मान्य. पण तुमच्याकडं इग्वाना आहे का? बिअर्डी ऑस्ट्रेलियाच्या माळावरचा, एकट्यानं राहणारा. आणि इग्वानाचे दोन नर मोठे झाल्यावर एका खोलीत ठेवून बघा, मग प्रेमाचा व्हिडिओ काढा. दुकानातल्या किती पिल्लांना शेपटीचं टोक नसतं ते मोजलंय कधी?

शहापूरची माई
मी पाल अंगावर पडली तर पंचांग उघडणारी बाई. लेकाच्या हौसेपायी घरात लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, आला, आणि नाही म्हणता म्हणता माझाच झाला. वर्षानं लेकानं पुण्याहून दुसरा आणला नि त्याच संध्याकाळी जुन्याजवळ सोडला. "आई, सोबत होईल." दीड महिन्यात जुन्याची गुबगुबीत शेपटी काडीसारखी झाली. खायचा नाही, खाल्लं तर ओकायचा. इथं दाखवला तर डॉक्टर म्हणाले, म्हैस असती तर सांगितलं असतं. शेवटी गोव्याला नेला. क्रिप्टो निघाला, पोटातला संसर्गजन्य परजीवी, त्याला खात्रीचं औषध नाही. दोन्ही गेले.
नवं पिल्लू आणलं की तीन महिने वेगळ्या खोलीत. चिमटा वेगळा, पाण्याची वाटी वेगळी, आधी जुन्याचं करायचं, मग नव्याचं. विष्ठा तपासून घ्यायची. भांडण पुढची गोष्ट.

खानापूरचा पावशा
माई, वाईट वाटलं. पण यांना खायला घालायचे किडे कुठं ठेवता सगळे? माझ्या घरमालकानं डुबिया झुरळांचा डबा बघितला नि आठ दिवसांत खोली सोडायला लावली! म्हणे, आम्ही झुरळं मारायला पैसे देतो, तू पाळूलालास?

कॅम्पवाली
रातकिडे आणायचे मग. डब्यातून एक सुटला तर रात्रभर जागरण, एवढंच.

खानापूरचा पावशा
डुबिया गुळगुळीत डब्यावर चढत नाही, आवाज नाही, वास नाही. आमच्याकडच्या गारठ्यात ऊब दिल्याशिवाय पिल्लंसुद्धा घालत नाही. हे सगळं मालकाला कन्नडमधून सांगितलं. तो म्हणाला, मग तुझ्या उशाखाली ठेव.

निपाणीचा नाना
झुरळ पाळणारा भाडेकरू मीही ठेवणार नाही.

कॅम्पवाली
आणि ड्रॅगनला काय, शेंगाचटणी घालता?

निपाणीचा नाना
किडे मळ्यातल्या खोलीत असतात. घर म्हणजे घर.

खानापूरचा पावशा
ज्याला मळा आहे त्यानं भाड्याच्या खोलीचं शहाणपण शिकवू नये. तुमच्यासारख्यांमुळंच खोल्या मिळत नाहीत. आधी जात विचारणार, मग मटण खातोस का, आता झुरळं!

टिळकवाडीकर
पिल्लांवर या रे. नाना, एक काम करा. सोनाराच्या काट्यावर दोघांना वेगवेगळं तोला. सारखं वजन भरलं तर इथं जाहीर माफी मागतो.

निपाणीचा नाना
तोलणार. माफीचा कागद तयार ठेवा.

निपाणीचा नाना
एक १९ ग्रॅम, दुसरं ११. धाकट्याच्या मागच्या पायाचं एक नखही नाही, कधी गेलं कळलं नाही. नाचू नका. वेगळी टाकी काल केलीच आहे. तुम्ही सांगितलं म्हणून नव्हे, मोठीतला दिवा उडाला म्हणून.

टिळकवाडीकर
दिव्याचे आभार. नव्या टाकीत दिव्याखाली चाळीस अंशांच्या आसपास ठेवा, पावसाळ्यात इथं दिवसासुद्धा हुडहुडी भरते. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको.

निपाणीचा नाना
मोठं काचेतून धाकट्याला बघून दाढी काळी करूलालंय. डोकं आपटल्यागत वरखाली. आता काय करू?

शहापूरची माई
मध्ये पुठ्ठा लावा.

निपाणीचा नाना
लावला. कुंद्याच्या खोक्याचा.

कॅम्पवाली
कुंदा कुठाय?