मदत हवी आहे: शनिवार-रविवार तलावावर मासेमारी आणि तंबूत मुक्काम

गळकरी_वडगाव
मंडळी, येत्या शनिवारी दुपारी बेळगावातून निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. डोंगरातला मोठा तलाव, काठावर तंबू, गळ टाकायचा, मिळेल तो मासा तिथंच चुलीवर. गाडी आहे, तंबू आहे. तीनच गोष्टी सांगा: तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) किती जाडीचा घेऊ, आमिष काय नेऊ, आणि रात्री काठावर कुणी हटकतं का? शुक्रवारी सामान घ्यायचंय, जरा लवकर सांगा.

खानापूरकर
कुठला तलाव ते सांगा की आधी. राकसकोप असेल तर विचार सोडा, शहराचं पिण्याचं पाणी आहे ते.

गळकरी_वडगाव
राकसकोप नाही ओ. तिलारी नाहीतर सुपा धरणाचा तलाव. जो जवळ पडेल तो. तंगुसाचं सांगा ना कुणीतरी.

चंदगडी_पावणा
तिलारीच. बाची सोडून शिनोळी लागलं की महाराष्ट्र, पुढं पाटणे फाट्यावरून तिलारीनगरचा रस्ता धरायचा. हवा एक नंबर. पण भावा, २००२ पासून ह्या पट्ट्यात हत्ती आहेत. ऊस, केळी, फणस जिथं तिथं ते. उसाच्या फडाला लागून तंबू टाकू नकोस, आणि माशाची घाण, उरलेलं जेवण तंबूत ठेवू नकोस. संध्याकाळी गावात विचार, हत्ती कुठल्या बाजूला आहेत ते लोकांना बरोबर माहीत असतं.

खानापूरकर
हत्तीचं सांगितलं, परवानगीचं कोण सांगणार? मोठ्या धरणांत मासे धरायचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीला किंवा ठेकेदाराला दिलेला असतो. पिल्लं त्यांनी विकत आणून सोडलेली असतात. आपण जाऊन गळ टाकला की भांडण होणारच, आणि त्यांचं काही चुकत नाही. जिथं जाल तिथं आधी त्यांना भेटा. आणि तिलारी महाराष्ट्रात, सुपा कर्नाटकात, दोन सरकारं. इकडचा कागद तिकडं चालत नाही.

जोयडा_रोड
सुपा बघितलेल्या माणसाला दुसरं धरण आवडत नाही. काळी नदीवर १०१ मीटर उंच भिंत, मागे जंगलात घुसलेलं पाणी. लोंढा, रामनगर, जोयडा, गणेशगुडी असा रस्ता. सुप्यालाच जा.

खानापूरकर
आणि काळी व्याघ्र प्रकल्प? आजूबाजूचं किती जंगल त्यात येतं माहीत आहे का? तिथं परवानगीशिवाय रात्री तंबू टाकला तर वनखातं गुन्हा नोंदवेल. हा माणूस मासे खायला निघालाय, त्याला कोर्टात पाठवू नका.

जोयडा_रोड
मी जंगलात शिरा म्हटलेलंच नाही. गणेशगुडीला राहायच्या सोयी आहेत, तिथं रीतसर मुक्काम करा. फक्त धरणाच्या खालच्या पात्रात उतरू नका. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पातळी एकदम चढते. पुढं दांडेलीकडं मगरीही आहेत.

रामनगरची_लेक
सुप्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझं आजोळ जुन्या सुप्याचं. धरण आलं, गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं रामनगरला आणून वसवली. आजी शेवटपर्यंत 'गाव' म्हणाली की ते पाण्याखालचंच. देऊळ, बाजाराची जागा, नदीकडं उतरणारी वाट, सगळं सांगायची. तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, कळतं मला. पण तिथं गेलात तर बाटल्या, प्लास्टिक पाण्यात टाकू नका एवढीच विनंती. आमची घरं आहेत खाली.

गळकरी_वडगाव
ताई, नाही टाकणार, शब्द देतो. बाकीच्यांनो, तंगूस??

निपाणी_नाका
०.३५ मिलिमीटरचा घे, रोहू-कटल्याला पुरतो. कटला वरच्या पाण्यात चरतो, त्याला तरंडं लावून गळ वर ठेव. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला, त्याला शिसं लावून खाली सोड. शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून गोळा कर, घट्ट मळ, नाहीतर पाण्यात विरघळतो. मरळ पाहिजे असेल तर गांडूळ किंवा बारका जिवंत मासा. पहाटे पाचला बसायचं, सातपर्यंत काम फत्ते.

हुक्केरीचा_बापू
थंडीत पहाटे पाचला? पाणी गार असलं की कटला-रोहू सुस्त असतात, आमिषाला तोंड लावत नाहीत. ऊन चढू दे. ह्या दिवसांत अकरा ते तीन बसावं, तेही वारा येऊन आदळतो त्या काठाला. पहाटेचं गणित उन्हाळ्याचं.

निपाणी_नाका
बापू, आम्ही पहाटेच मासे धरत आलोय, थंडी असो नाहीतर काही.

हुक्केरीचा_बापू
मरळ नव्हे, कटल्याचं बोलतोय मी.

सह्याद्री_भटक्या
एवढं सामान घेताय तर सरळ साताऱ्याला जा. बामणोलीला कोयनेचं शिवसागर, पलीकडं वासोटा. किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही, पण काठावर खाजगी जागेत तंबू मिळतात.

चंदगडी_पावणा
दीड दिवसात बेळगावातून बामणोली? अर्धा वेळ गाडीतच जाईल त्याचा.

हुक्केरीचा_बापू
किती जण आहात? पोहता येतं का सगळ्यांना?

गळकरी_वडगाव
मी, मेहुणा, माझे वडील आणि दोन पोरं, सात आणि दहा वर्षांची. पोहायला मला येतं, मेहुण्याला थोडंफार.

खानापूरकर
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! पोरं आणि म्हातारं माणूस घेऊन तिलारीच्या जंगलात रात्र काढणार होता?

हुक्केरीचा_बापू
मग हिडकल. घटप्रभेवरचं, ५१ टीएमसीचं मोठं पाणी, यमकनमर्डीवरून सरळ रस्ता, दवाखाना जवळ. डोंगर तिलारीएवढे नाहीत, पण वडिलांना सोसेल. शुक्रवारीच धरणाच्या कार्यालयात आणि सोसायटीत विचारून ठेवा, कुठल्या काठाला बसू देतात ते. कन्नड येणारा कुणी बरोबर घ्या, काम पटकन होतं. आता पाणी उतरायला लागतं, उघडा पडलेला काठ वरून वाळलेला दिसतो, खाली गाळ असतो. पोरांना त्यावर सोडू नका. गाडीही पक्क्या रस्त्यावरच ठेवा. आणि दोघांना लाइफ जॅकेट, पाण्यापासून लांब असली तरी.

गळकरी_वडगाव
हिडकल ठरलं. मेहुण्याला कन्नड येतं, तो शुक्रवारी सकाळी जाऊन विचारून येईल. जॅकेट भाड्यानं बेळगावात कुठं मिळतील?

कॅम्पातली_काकू
मासे करताना चिंच नको, आमसूल घाला. तिरफळं मिळाली तर चार टाका.

निपाणी_नाका
काकू, तिरफळ बांगड्याला. गोड्या पाण्यातल्या माशाला आलं-लसूण आणि लाल तिखट.

चंदगडी_पावणा
भाड्याचं बघत बसू नकोस. माझ्याकडं पोरांची दोन पडून आहेत, शिनोळीला येऊन घेऊन जा. वजन किती दोघांचं? पट्टे त्या मापाचे लागतात.