मदत हवी आहे: फेंडर चँप ५एफ१ची पॉवर ट्यूब लाल होतेय

मंडळी, पन्नाशीच्या दशकातला चँप, म्हणजे फेंडर कंपनीचा गिटारचा छोटा ट्यूब अँप्लिफायर, दुरुस्तीला घेतलाय. आत आधी कुणीतरी बरीच कारागिरी करून ठेवलीय, म्हणून वायरी धरून सर्किट कागदावर उतरवतोय.

६व्ही६ या पॉवर ट्यूबच्या ४७० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर ३१ व्होल्ट, म्हणजे जवळपास ६६ मिलिअँपिअर. फारच झालं! ट्यूब काढली तरी ५ नंबर पिनवर (ग्रिडवर, जिथे सिग्नल येतो) ९ व्होल्ट डीसी. २२० किलोओहमचा ग्रिड रेझिस्टर शाबूत आहे. मग ०.०२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या ट्यूबचा सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय, की सुटे भाग बसवलेल्या जुन्या फायबर बोर्डानेच ओल धरलीय नि त्यातून डीसी येतोय? कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक उचलून मोजलं तर नक्की कळेल ना?

शिवाय फीडबॅकचा (स्पीकरकडून थोडा सिग्नल मागे नेणारा) २२ किलोओहमचा रेझिस्टर जागेवर आहे, पण स्पीकरकडची वायर कापलेली. मुद्दाम कापली असेल का? आवाज वाढवायला काहीजण करतात. स्किमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) मूळ जोडणी दाखवू की आहे तशी?