नीलला ओहोटी बघून जा

वर एकांनी लिहिलंय की सेल्युलर जेल आणि हॅवलॉकचा राधानगर बीच झाला की अंदमान संपलं, नील बेट (आता शहीद द्वीप) वगळलं तरी चालेल. मी तर म्हणेन, एक दिवस कुठूनही काढा, पण नीलला राहाच. लक्ष्मणपूरच्या दोन नंबर बीचवरची नैसर्गिक खडकाची कमान सगळे फोटोपुरती बघतात. खरी मजा तिच्या पायाशी आहे. ओहोटीला पाणी मागे गेलं की खडकांच्या खळग्यांत जिवंत प्रवाळ, काळ्या समुद्रकाकड्या, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे अगदी हाताच्या अंतरावर दिसतात.

मात्र भरतीत तिथपर्यंत पोचताच येत नाही. म्हणून बोटीचं तिकीट काढण्याआधी ओहोटीची वेळ बघा. ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब हटतं. डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा संध्याकाळची ओहोटी कामाची नाही. खडक शेवाळलेले असतात, पट्ट्याच्या सँडल घाला. आणि कृपा करून प्रवाळावर पाय देऊ नका, मेलेला तुकडाही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, विमानतळावर सामानात सापडला तर कारवाई होऊ शकते.